आधी नोडू, मग होडी

पहिल्या रविवारी मला वाटलं, मैदानात पाणी साचलंय म्हणून लोक होडी मागतायत.

रात्री पाऊस झाला होता. बंगळूरच्या चामराजपेटमधल्या त्या मैदानाच्या कडेला तीसेक आई-बाप छत्र्या मिटून उभे होते आणि सगळ्यांची एकच मागणी चालू होती: "होडी! होडी! होडियो!" पाणी कुठंच घोट्याच्या वर नव्हतं. मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, एवढ्याशा पाण्यात होडी कशाला? त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं, पाहुणा परगावचा आहे हे ताडलं आणि मोठ्या मनानं सांगितलं, की कन्नडात होडी म्हणजे हाण. मार. घाल लाथ.

हे ऐकलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर "हाण की लेका" ऐकत आणि ओरडत माझे केस पांढरे झाले. पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम असा सामना असला की आमच्याकडे अर्धं गाव प्रशिक्षक होतं आणि उरलेलं अर्धं पंच. इथं पेठेचं पेट झालंय, हाणचं होडी झालंय. बाकी सगळं जिथल्या तिथं.

लेक-जावई नोकरीसाठी या शहरात आले, चामराजपेटला भाड्यानं राहिले, आणि नातवाला फुटबॉलला घातलं म्हणून आजोबांना रविवारची ड्यूटी लागली. नातू आठ वर्षांचा. घरी मराठी बोलतो, शाळेत इंग्रजी, मैदानावर कन्नड, आणि चिडला की तिन्ही. शहाजीराजांना १६३८ साली हे शहर जहागिरीत मिळालं होतं. माझ्या जावयाला तीन वर्षं झाली, अजून गाडी लावायला जागा मिळालेली नाही.

*

तर अकादमी. नाव सांगत नाही, कारण नाव कुठलंही असलं तरी अकादमी तीच असते. तिमाही फी, नंबर छापलेला टी-शर्ट, केशरी शंकू, एक शिट्टी, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि एक चुंबकाचा फळा. या फळ्यावर माझा फार जीव जडला आहे. हिरव्या पत्र्यावर लाल आणि निळ्या टिकल्या. कोच सर टिकल्या सरकवतात आणि आठ-आठ वर्षांची अठरा पोरं मांडी घालून बघतात. टिकल्या भलत्याच शहाण्या. ठेवलं तिथं राहतात, बाण काढला तिकडं जातात, मध्येच बुटाची नाडी सुटली म्हणत नाहीत, घार उडाली म्हणून वर बघत बसत नाहीत.

"आज आपण फोर-थ्री-थ्री खेळणार," सर म्हणाले. नातवाकडं वळून म्हणाले, "तू सीडीएम." नातवानं मान हलवली. परत येताना मी त्याला विचारलं, "सीडीएम म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "माहीत नाही आबा. पण तिथं उभं राहायचं असतं आणि चेंडू येत नाही."

फळा पुसल्यावर शिट्टी वाजली. पुढच्या तीन सेकंदांत ४-३-३ चं जे झालं, त्याला गणितात नाव नाही. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी सगळी पोरं चेंडूला लागली. ढेप पूर्वेला गेली की मुंगळे पूर्वेला, ढेप पश्चिमेला गेली की मुंगळे पश्चिमेला. एक गोलकीपर तेवढा जागेवर, कारण तो खरोखरीच्या मुंग्यांचं वारूळ उकरत होता. आणि कडेनं आई-बापांचा कल्लोळ: "स्प्रेड! स्प्रेड!" ब्रेडला लोणी लावायचं असतं तरी लोक इतकं ओरडत नाहीत.

गंमत अशी, की हे ज्या चामराजपेटमध्ये चाललं होतं ते स्वतःच फळ्यावर आखलेलं. १८९२ साली जुन्या गजबजलेल्या पेठांबाहेर मोकळं, हवेशीर वस्तीचं ठिकाण हवं म्हणून हे उपनगर नकाशावर रेघा मारून वसवलं आणि दहाव्या चामराज वोडेयरांचं नाव दिलं. पाच मेन रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे नऊ क्रॉस. आखणी अशी, की फळ्यावर बघत राहावी. आता सकाळी नऊ वाजता कोपऱ्यावर या. रिक्षा, दुचाक्या, शाळेच्या व्हॅन, एक पाण्याचा टँकर, सगळे एकाच चौकात एकाच ढेपेला लागलेले. रस्ते आखता येतात, वाहनवाल्याची नजर आखता येत नाही. शिकली सवरली मोठी माणसं चौकात स्प्रेड होत नाहीत आणि आठ वर्षांच्या पोरानं मैदानात व्हावं म्हणून गळे काढतात.

*

पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हा स्वतंत्र विषय आहे. तिथं प्रत्येकाच्या मुलाला 'पोझिशन' आहे. एक बाबा अभिमानानं म्हणाले, "आमचा फॉल्स नाइन आहे." मी जरा घाबरलो. आपल्याकडं फॉल्स नाइन म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं: दाखल्यावर नऊ आणि ओठांवर मिसरूड. शालेय स्पर्धांत असे खोटे नऊ, खोटे बारा, खोटे चौदा मी डझनावारी पाहिलेत. एकदा एका चौदा वर्षांखालच्या सामन्यात डाव्या बगलेच्या खेळाडूला आणायला त्याची बायको आली होती, असं आमच्याकडं अजून सांगतात. ते असो. या बाबांचं म्हणणं वेगळं होतं. फॉल्स नाइन म्हणजे म्हणे पुढं खेळायचं सोडून मागं येणारा सेंटर फॉरवर्ड. मेस्सी तसा खेळायचा. मी त्यांच्या चिरंजीवांकडं पाहिलं. ते मागं आले होते खरं, पण पाण्याच्या बाटलीसाठी.

पोरांचं काही चुकत नाही. ज्याँ पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञानं आयुष्यभर मुलांचं डोकं कसं चालतं हे पाहिलं आणि सांगून ठेवलं, की साधारण सात वर्षांपर्यंत मुलाला दुसऱ्याच्या जागेवरून जग दिसत नाही. त्याचं जग म्हणजे मी आणि माझं. मैदानावर त्याचं भाषांतर होतं मी आणि चेंडू. पुढं दोन वर्षांनी त्यात एक मित्र येतो: मी, चेंडू आणि तू. दहा-अकराला तिघा-चौघांची टोळी दिसू लागते. अकरा जणांचा अख्खा संघ, त्याचा आकार, रिकाम्या जागा, हे सगळं एकत्र डोक्यात मावायला तेरा-चौदा वर्षं जावी लागतात. काहींना तर चाळिशी ओलांडली तरी मी आणि चेंडूच दिसतो. त्यांना आपण कार्यालयात साहेब म्हणतो.

हे ओळखून शहाण्या देशांनी मैदान लहान केलं. बेल्जियम हा सगळा मिळून सव्वा कोटीच्या आतला देश. २००० सालची युरोपीय स्पर्धा स्वतःच्याच घरी भरवून पहिल्याच फेरीत बाहेर पडला. लाज वाटल्यावर समिती नेमावी हे आपल्याला येतं. त्यांनी पुढचं केलं: मुलांच्या दीड हजार सामन्यांचं चित्रण करून अभ्यास केला. दिसलं काय, तर आठ-नऊ वर्षांच्या पोराचा पाय अर्ध्या तासात जेमतेम दोनदा चेंडूला लागतो. उरलेला वेळ बिचारं पळतंय. मग त्यांनी खेळाचे तुकडे पाडले: आधी दोघांविरुद्ध दोघे, मग पाच-पाच, मग आठ-आठ, आणि अकराजण सगळ्यात शेवटी. सगळ्यात लहान गटांचे गुणतक्तेच काढून टाकले. २०१५ च्या नोव्हेंबरात बेल्जियम जगात पहिल्या क्रमांकावर पोचला, २०१८ च्या विश्वचषकात तिसरा आला. इंग्लंडनं २०१२ साली हाच रस्ता धरला: सात-आठ वर्षांची पोरं पाचाविरुद्ध पाच, नऊ-दहाची सात, अकरा-बाराची नऊ. आपल्याही महासंघानं २०१८ पासून बेबी लीग सुरू केली, तीही लहान मैदानाची, लहान संघांची.

हे सगळं मी कोच सरांना अदबीनं सांगितलं. ते म्हणाले, "अंकल, मला सगळं माहितीये. पण पाच-पाचचा फोटो टाकला की पालक विचारतात, बाकीची मुलं कुठं आहेत?" सरांची चूक नाही. पोटाचं फॉर्मेशन सगळ्यात मोठं.

*

संध्याकाळी मात्र हाच नातू दुसरा खेळाडू होतो.

आमच्या क्रॉसमध्ये पाच वाजता चार-चार जणांचा डाव पडतो. गोलचा एक खांब म्हणजे विजेचा खांब, दुसरा म्हणजे उभी स्कूटर. स्कूटरवाला आला की गोल रुंद होतो. समोरच्या अज्जींची रांगोळी म्हणजे पवित्र भूमी, तिच्यावर चेंडू गेला की डाव प्रतिपक्षाला. गटार ही लक्ष्मणरेषा. एका बंगल्याच्या कुंपणाची भिंत दोन्ही संघांकडून खेळते. तिच्यावर चेंडू आपटून परत घेतला की समोरचा फसतो. भिंतपासचा जो धडा अकादमीत पैसे मोजून मिळतो, तो इथं भिंत स्वतः देते, फुकट. आणि "गाडी!" अशी हाक आली की आठही जण क्षणात कडेला. या गल्लीत डोकं वर काढून न बघणाऱ्याला रिक्षा लागते, म्हणून इथं सगळे बघतात.

मी गॅलरीतून पाहतो. चेंडू घेताना नातवाची मान आधी डावीकडं, मग उजवीकडं. स्कूटर कुठं, अज्जी कुठं, धिप्पाड पोरगा कुठं, याचा हिशेब लागलेला. सकाळी जो सीडीएम म्हणून खांबासारखा उभा होता, तो इथं दोघांना गल्लीच्या एका बाजूला ओढतो आणि चेंडू दुसऱ्या बाजूला सोडतो. याला व्यूहरचना म्हणतात हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, आणि माझी विनंती आहे की इतक्यात सांगूही नये.

गल्लीची ही युक्ती आपल्या एका शाळामास्तराला सत्तर वर्षांपूर्वी कळली होती. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशानं शिक्षक. मुंबईकरांना त्यांची ओळख कुपरेजवर झाली, कारण १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं त्यांच्या हैदराबाद पोलीस संघानं रोव्हर्स चषक उचलून नेला. अलीकडं त्यांच्यावर 'मैदान' सिनेमा निघाला तेव्हा बाकीच्यांना झाली. रहीम साहेब व्याख्यानापेक्षा नियम बदलण्यावर भर द्यायचे. ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवायचे. चेंडू घोळवायचा नाही म्हटल्यावर पोरगा काय करेल? येण्याआधीच बघून ठेवेल की द्यायचा कुणाला. दुसरी स्पर्धा फक्त दुबळ्या पायानं खेळायची. रांगोळी आणि गटार यांचीच ही सुधारित आवृत्ती.

आणि गरज किती होती ते पाहा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ नं धुतलं. तो एक गोल कुणाचा? बंगळूरच्या अहमद खानचा. अनवाणी पायांत इतकी जादू की लोक त्याला गारुडी म्हणत. ईस्ट बंगालच्या ज्या पाच जणांच्या आघाडीला कोलकाता 'पंचपांडव' म्हणायचं, त्यांतला हा एक, आणि दुसरा धनराजही इथलाच. म्हणजे पायांची कमतरता या शहरात कधीच नव्हती. चारच वर्षांनी, १९५६ ला, त्याच रहीम साहेबांचा संघ मेलबर्नला चौथा आला. मूळ गोव्याच्या, मुंबईकर नेव्हिल डिसोझानं ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले, मधल्या फळीत बंगळूरचा केंपय्या होता. १९६२ ला जकार्तात तर मास्तरांनी कमालच केली. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंग या बचावपटूला पुढं पाठवलं. त्यानं उपान्त्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यातही केला, आणि दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून आपण आशियाई सुवर्ण आणलं. फळ्यावर जर्नेलची टिकली मागंच चिकटलेली राहिली असती.

*

कोच सरांना मी एकदा भीतभीत सुचवलं, "महिन्यातून एकदा पोरांना खो-खो खेळवा."

ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "अंकल, हे फुटबॉल आहे."

आहेच. पण आठ जण एकाआड एक उलट्या तोंडांनी बसलेत, पळणारा साखळी घालतोय, मध्येच साखळी सोडून रिंगण करतोय, पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा धरली की वळता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही, पळणाऱ्याला मात्र दोन्ही मोकळं. या खेळात पोरगा पहिल्या दिवशी शिकतो, की रिकामी जागा ही चेंडूपेक्षा, गड्यापेक्षा, सगळ्यांपेक्षा महाग वस्तू आहे, आणि ती सारखी सरकत असते. दुसऱ्याला कुठल्या बाजूनं येता येणार नाही हे ओळखून पळणं म्हणजे बचावाचं अर्धं शास्त्र. कबड्डीत कोपरा आणि त्याच्या शेजारचा हात धरून साखळी करतात, तेव्हा कुणी एकट्यानं पुढं धाव घेतली तर अख्खी फळी फुटते. फुटबॉलच्या बचावफळीची अडचण हीच. आमच्या पोरांना हे मातीत येत होतं. त्यावर आपण कृत्रिम हिरवळ अंथरली आणि आता वर टिकल्या सरकवतोय.

याच चामराजपेटची एक गोष्ट मला न उमगणारी. इथल्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामनवमीला श्रीरामसेवा मंडळीचा संगीतोत्सव भरतो. मंडळी १९३९ ची. मांडव पडतो, देशभरातले गवई-वादक येतात, आणि याच पेटेतले लोक तासन्‌तास मांडीवर ताल धरून गप्प बसतात. गायक कल्पनास्वर घेतो, व्हायोलिन त्याच्या मागं सावलीसारखं जातं, मग एकदम आपली वाट काढतं. मृदंगाला कुठं थांबायचं ते कळतं. या सगळ्यात पहिल्या रांगेतला एकही रसिक उठून "आता षड्ज! षड्ज हाण!" असं ओरडत नाही. ओरडला तर बाहेर काढतील. आणि हीच माणसं रविवारी सकाळी आठ वर्षांच्या पोराला प्रत्येक स्वर ओरडून सांगतात. विद्वानाला विचार करायला वेळ द्यायचा आणि पोराला नाही, असा हा हिशेब.

*

आता मुद्द्यावर येतो. रविवारी मी एक साधं काम केलं. वही काढली आणि अर्ध्या तासात कडेवरून कुठला शब्द किती वेळा आला त्याच्या रेघा मारल्या. 'होडी'च्या रेघा मारता मारता पेनाची शाई फिकट झाली. 'पास माडो' त्याखालोखाल. 'बेगा बेगा', म्हणजे लवकर लवकर, तिसरं. कन्नडात आणखी एक शब्द आहे: नोडू. म्हणजे बघ. त्याच्यापुढं एकही रेघ नाही.

नॉर्वेत गायर योर्डेट नावाचे एक संशोधक आहेत. त्यांनी खेळाडूंच्या पायांऐवजी मानांवर कॅमेरा रोखला. प्रीमियर लीगमधल्या शंभराहून अधिक खेळाडूंच्या माना चेंडू येण्याआधी किती वेळा वळतात ते मोजलं. ज्यांच्या माना जास्त वळतात त्यांचे पास जास्त लागतात, विशेषतः पुढं जाणारे. एवढंच. व्यूहरचनेचं पहिलं पान म्हणजे मान. बघणं आधी, ठरवणं मग, मारणं सगळ्यात शेवटी. आपण शेवटच्या पानापासून पुस्तक शिकवायला घेतो आणि पोराला गोष्ट कळली नाही म्हणून रागावतो.

शिवाय ओरडण्यात एक घोटाळा आहे. कडेवरचा बाप ओरडतो तेव्हा बघितलेलं बापानं असतं, ठरवलेलं बापानं असतं, पोरानं फक्त पाय हलवायचा. हुकूम बरोबर निघाला तर बाप शिकतो. पोरगं कोरडंच.

बरं, हे शहर पासची कला जाणणारं. इथं हॉटेलात कॉफी 'बाय-टू' मिळते. एक कॉफी, दोन पेले, दोघांत वाटून. कुणाचं काही कमी होत नाही, उलट गप्पा वाढतात. पास म्हणजे याहून वेगळं काय असतं? पण पोरगा चेंडूची बाय-टू करायला लागला की बाप ओरडतो: "अरे, स्वतः मार की!"

मी नातवावर प्रयोग सुरू केला. रविवारी घरी येताना हुकूम नाही, फक्त एक प्रश्न. "तो पास तुझ्याकडं आला ना, त्याच्या आधी तुला काय दिसलं?"

पहिल्या रविवारी तो म्हणाला, "चेंडू."

दुसऱ्या रविवारी: "चेंडू. आणि एक पिवळा बूट."

तिसऱ्या रविवारी तो थोडा वेळ चालत राहिला. रस्त्यातल्या खड्ड्याला वळसा घातला. मग म्हणाला, "माझ्या मागं कुणीच नव्हतं आबा. मला वळता आलं असतं."

मला वाटलं, आख्खी अकादमी विकत घ्यावी.

*

कुणी म्हणेल, आजोबा, एवढ्या लहान वयात कशाला हे? म्हणून शेवटी एका सामन्याची आठवण करून देतो. ९ ऑक्टोबर २०१७, दिल्ली. सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक, भारत विरुद्ध कोलंबिया. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता, म्हणून आमच्या पेठेत टीव्ही रस्त्यावर आले होते. ८२ व्या मिनिटाला बंगळूरच्या संजीव स्टॅलिननं कॉर्नर घेतला आणि जॅक्सन सिंगनं डोक्यानं गोल केला. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. १-१. आम्ही रस्त्यावर नाचलो. आम्ही नाचत असतानाच, ८३ व्या मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल केला. कित्येकांना तो दिसलाच नाही, मिठ्या मारत होते.

पोरांना दोष देत नाही. पोरं जिवाच्या करारानं खेळली. पण गोल झाल्यावरच्या एका मिनिटात कुठं उभं राहायचं, कुणाकडं बघायचं, श्वास कुठं घ्यायचा, हे फळ्यावर येत नाही. ते आठव्या वर्षापासून, चार-चार जणांच्या डावात, हजारो वेळा गोल खाऊन मानेत उतरावं लागतं. सतराव्या वर्षी ते सांगायला गेलं तर राष्ट्रगीत सुरू झालेलं असतं.

आता कबुलीजबाब. एवढं सगळं प्रवचन देणारा मी गेल्या रविवारी तिथंच, कडेला. एक मिनिट उरलेलं, बरोबरी. चेंडू नातवाकडं आला. त्याची मान वळली, डावीकडं, उजवीकडं. उजवीकडं एक पोरगा एकटा, मोकळा. मला दिसला. त्यालाही दिसला, हे मला त्याच्या खांद्यावरून कळलं. आता चेंडू सोडणार तोच कुणीतरी गरजलं, "हाण की लेका!"

मैदानाच्या सबंध कडेला मराठी येणारा मी एकटा.

नातू थबकला. मान आणखी एकदा वळली, या वेळी माझ्याकडं. तेवढ्यात कुणीतरी चेंडू काढून नेला. शिट्टी वाजली. शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, "हाण म्हणजे काय?" मी म्हटलं, "होडी." ते समजुतीनं हसले.

परत येताना त्या दिवशी मी प्रश्न विचारला नाही. पोरानंच विषय काढला.

"आबा, तुम्हीच म्हणता ना आधी बघायचं? मी नोडत होतो."

कन्नडाचं क्रियापद, मराठीचं रूप, आणि चूक सगळी आजोबाची. मी त्याला गाडीवरची मिरची बज्जी घेऊन दिली. एकच घेतली, बाय-टू केली. पुढच्या रविवारी मात्र मी स्वतःसाठी दोन नेणार आहे. एक तोंडात धरायला, आणि ती मध्यंतराआधी संपली तर दुसरी.